नेपाळमधील युवक शिबिरासाठी तरुण संघाचा गट नेताना

तरुण संघाने परदेशी सेवेसाठी जावे असा विषय मंडळीच्या (म्हणजे चर्चच्या) कमिटीत निघाला की बहुधा पहिली चर्चा तारखांची आणि भाड्याची होते. वास्तविक पहिला प्रश्न ‘आपल्याला कोणी बोलावले आहे का’ हा असायला हवा आणि त्याचे उत्तर लेखी मिळेपर्यंत दुसऱ्या कोणत्याही प्रश्नाला हात घालू नये. महाराष्ट्रातील मंडळ्यांना परदेशांपैकी नेपाळ सर्वांत जवळचा वाटतो, कारण तिथे जायला भारतीयांना व्हिसा लागत नाही, लिपी देवनागरीच आहे आणि खर्च आटोक्यात राहतो. याच सोयींमुळे तो सोपाही वाटतो, आणि तो समज मात्र खोटा आहे. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या आठ ते दहा तरुणांचा गट एखाद्या नेपाळी मंडळीच्या युवक शिबिरात सुमारे दहा दिवस मदतीसाठी न्यायचा असेल, तर काय पाहावे आणि काय टाळावे, एवढ्यापुरतेच हे मार्गदर्शन आहे.

बोलावणे आणि काम

यजमान मंडळीच्या पाळकांकडून जे पत्र येईल, त्यात ‘आपण अवश्य यावे’ यापलीकडे काही आहे का ते पाहावे. नसेल तर नम्रपणे विचारावे: शिबिर दरवर्षी होते की यंदा प्रथमच, ते कोण चालवते, किती तरुण येतात, गेल्या वर्षी कशाची उणीव भासली आणि आपल्या गटाकडून नेमकी कोणती मदत हवी आहे. उत्तरात गटचर्चा घेण्यासाठी माणसे, खेळ, वाद्ये, बारावीनंतरच्या शिक्षणाविषयी किंवा संगणकाविषयी दोन-तीन सत्रे अशी ठोस नावे आली, तर जाण्यात अर्थ आहे. ‘तुम्हीच कार्यक्रम ठरवा’ असे उत्तर आले, तर तो सन्मान समजून हुरळून जाऊ नये. अशा वेळी एका जबाबदार व्यक्तीने आधी एकट्याने जाऊन यावे आणि गटाचे जाणे एका वर्षाने पुढे ढकलावे, हे माझे स्पष्ट मत आहे.

यजमानांना अग्रक्रम देणे हा इथे केवळ शिष्टाचार नाही, त्याला इतिहासाचा आधार आहे. अठराव्या शतकात काठमांडूच्या खोऱ्यात काम करणाऱ्या कपुचिन या कॅथलिक संघाच्या धर्मगुरूंना १७६९ मध्ये गोरखा राजा पृथ्वीनारायण शाहांच्या विजयानंतर देश सोडावा लागला आणि त्यांच्याबरोबर गेलेली खोऱ्यातील नेवार समाजाची ख्रिस्ती कुटुंबे बिहारमधील बेतिया येथे स्थायिक झाली. त्यानंतर सुमारे दोनशे वर्षे ते दार बंदच होते. संपूर्ण नेपाळी बायबल १९१४ मध्ये प्रसिद्ध झाले तेही दार्जिलिंगमध्ये राहणाऱ्या गंगाप्रसाद प्रधान यांच्या परिश्रमांमुळे. १९५१ नंतर देश खुला झाला आणि १९५४ मध्ये युनायटेड मिशन टू नेपाळ ही संस्था उभी राहिली, परंतु तिला दवाखाने, शाळा आणि विकासकामे करण्याची परवानगी मिळाली ती धर्मांतर न करण्याच्या अटीवर. साहजिकच मंडळ्या रोवण्याचे आणि वाढवण्याचे काम नेपाळी विश्वासणाऱ्यांनीच केले, आणि त्यांतील काहींनी त्यासाठी तुरुंगवासही सोसला. २०२१ च्या जनगणनेत ख्रिस्ती लोकसंख्या पाच लाखांहून थोडी अधिक, म्हणजे १.७६ टक्के नोंदली गेली. अशा मंडळीला काम कसे करावे हे शिकवायला आपण जात नाही. मराठी ख्रिस्ती माणसाला हे समजायला जड जाऊ नये: अमेरिकन मिशनरी १८१३ मध्ये मुंबईत उतरले हे खरे, पण उपासनेत आपल्या ओठांवर जी गीते राहिली ती नारायण वामन टिळकांची.

कायदा आधी वाचावा

गटातील प्रत्येकाने घरातून निघण्यापूर्वी समजून घ्यावी अशी एक बाब म्हणजे नेपाळचा धर्मांतरविषयक कायदा. २०१५ च्या संविधानातील अनुच्छेद २६ धर्मस्वातंत्र्य देतो, परंतु त्याच अनुच्छेदात दुसऱ्याचे धर्मांतर करण्यास मनाई आहे. ऑगस्ट २०१८ पासून लागू झालेल्या फौजदारी संहितेच्या कलम १५८ नुसार धर्मांतर करणे, तसा प्रयत्न करणे किंवा त्यासाठी प्रोत्साहन देणे यासाठी पाच वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजार नेपाळी रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. गुन्हेगार परदेशी असल्यास शिक्षा भोगून झाल्यावर सात दिवसांच्या आत त्याला देशाबाहेर पाठवले जाते. इथे ‘परदेशी’ या शब्दात आपण येतो. सीमा खुली असल्यामुळे आत जाता येते, पण कायद्यातून सूट मिळत नाही.

याचा व्यवहारातील अर्थ असा की गटाने मंडळीच्या आवारात, मंडळीच्या स्वतःच्या तरुणांमध्ये, मंडळीच्या पुढाऱ्यांच्या देखरेखीखाली काम करावे. रस्त्यावर पत्रके वाटणे, गावात घरोघर जाणे, शाळेत जाऊन येशूची गोष्ट सांगणे, आजाऱ्यासाठी सार्वजनिक ठिकाणी प्रार्थना करणे, भेटवस्तूबरोबर शुभवर्तमानाची प्रत देणे हे सर्व कटाक्षाने टाळावे. २०१६ मध्ये दोलखा जिल्ह्यातील चरिकोट येथे एका शाळेत भूकंपग्रस्त मुलांना धीर देण्याच्या कार्यक्रमात येशूच्या जीवनावरील चित्रकथा वाटल्याबद्दल आठ ख्रिस्ती व्यक्तींना अटक झाली होती. त्यांची निर्दोष सुटका झाली ती वर्षअखेरीस, म्हणजे मधले कित्येक महिने त्यांनी खटल्याच्या ओझ्याखाली काढले, आणि तेव्हा आजची संहिता लागूही झाली नव्हती. पाहुणा दहा दिवसांनी गाडीत बसून निघून जातो, चौकशीला सामोरे जाण्यासाठी यजमान पाळक मागे राहतात. म्हणून कोणतीही कृती करण्यापूर्वी ‘हे चालेल का’ असे त्यांना विचारावे आणि त्यांनी नाही म्हटले तर कारणाचा आग्रह धरू नये.

हाच नियम मोबाइललाही लागू होतो. शिबिरातील चेहरे दाखवणारी छायाचित्रे, मंडळीचे नाव, गावाचे नाव आणि ‘इतक्या जणांनी प्रभूचा स्वीकार केला’ अशी वाक्ये तिथे असताना किंवा परतल्यावरही समाजमाध्यमांवर टाकू नयेत. आपल्या मंडळीत साक्ष म्हणून, म्हणजे विश्वासाचा स्वानुभव म्हणून, जे कौतुकाने ऐकले जाते, ते तिथे पुरावा म्हणून वापरले जाऊ शकते. कोणते छायाचित्र कुठे दाखवायचे हे ठरवण्याचा अधिकार गटातील एकाच व्यक्तीकडे द्यावा आणि तिनेही यजमानांची संमती घेतल्याशिवाय काही प्रसिद्ध करू नये.

गट निवडणे आणि घडवणे

जो उत्तम गातो किंवा उत्तम बोलतो त्याची निवड आपोआप होते, असा सर्वत्र अनुभव आहे. परंतु युवक शिबिरात अधिक उपयोगी पडतो तो भांडी घासायला न सांगता उठणारा, दुसऱ्याचे बोलणे पूर्ण होऊ देणारा आणि कार्यक्रम तीन तास उशिरा सुरू झाला तरी न चिडणारा तरुण. निवडीपूर्वी सहा महिने तरी इच्छुकांना रविवारच्या शाळेत किंवा तालुक्यातील एखाद्या लहान मंडळीत नियमित काम द्यावे. जो इथे जात नाही, त्याला काठमांडूला नेण्याचे कारण नाही. मुली आणि मुलगे दोन्ही असावेत, आणि पुढाऱ्यांमध्ये किमान एक प्रौढ स्त्री असलीच पाहिजे.

भाषेची तयारी घरबसल्या होऊ शकते. नेपाळी वाचणे मराठी माणसाला पहिल्या दिवसापासून जमते, त्यामुळे नेपाळी बायबलमधून योहानाचे शुभवर्तमान आपल्या मराठी प्रतीशेजारी ठेवून मोठ्याने वाचण्याचा सराव करावा. बोलताना ‘तपाईं’ हे आदरार्थी रूपच वापरावे. मोठ्यांना दाइ आणि दिदी, लहानांना भाइ आणि बहिनी म्हणावे आणि ख्रिस्ती लोकांना भेटताना ‘जय मसीह’ म्हणावे. हिंदी बऱ्याच जणांना समजते, पण समजते म्हणून ती गृहीत धरल्याचे लोकांच्या लक्षात येते आणि ते रुचत नाही. पुण्यामुंबईत नेपाळी भाषकांच्याही मंडळ्या भरतात. त्यांच्या उपासनेला काही वेळा जाऊन बसले, तर भाषा, चाली आणि रीत या तिन्हींची ओळख एकदमच होते.

याच टप्प्यावर एक अप्रिय विषय उघडपणे बोलून घ्यावा. आपल्याकडे सोसायटीच्या नेपाळी रखवालदाराला सर्रास ‘बहादूर’ म्हणून हाक मारली जाते, त्याचे खरे नाव विचारण्याची तसदीही कोणी घेत नाही. हा थोरलेपणा अंगात मुरलेला असेल तर तो पुलाव वाढताना, रांगेत उभे राहताना, अगदी प्रार्थनेतही डोकावतो. बुद्धाचा जन्म लुंबिनीत, म्हणजे आजच्या नेपाळमध्ये झाला याबाबत तिथले लोक संवेदनशील आहेत. २०१५-१६ च्या हिवाळ्यात सीमेवरील नाकेबंदीमुळे इंधन आणि औषधे मिळेनाशी झाली होती, आणि त्यासाठी बहुसंख्य नेपाळी लोक भारताला जबाबदार धरतात. गटाने या वादांत पडू नये, पण ते ठाऊक मात्र असावेत.

तारखा, कागदपत्रे, पैसे

पावसाळ्यात, म्हणजे जूनच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत, गट नेऊ नये. नारायणगढ ते मुग्लिन या रस्त्यावर दरडी कोसळतात आणि जुलै २०२४ मध्ये तिथेच दोन प्रवासी बसगाड्या त्रिशूली नदीत वाहून गेल्या. डिसेंबर-जानेवारीत उत्तर प्रदेशातील धुक्यामुळे गाड्यांना कित्येक तास उशीर होतो. दसैं (तिथला दसरा) आणि तिहारच्या सुट्ट्यांत अनेक मंडळ्या युवक शिबिरे घेतात, आणि तिहार हा आपल्या दिवाळीच्याच दिवसांत येत असल्यामुळे महाविद्यालयीन मुलांना रजा मागावी लागत नाही. मात्र या काळात बस आणि विमाने भरलेली असतात, तेव्हा परतीचे आरक्षण आधीच करावे.

नेपाळ प्रवासासाठी प्रौढ भारतीयाकडे वैध पासपोर्ट किंवा निवडणूक आयोगाचे मतदार ओळखपत्र असावे लागते, तेही मूळ. आधार कार्डावर प्रौढांनी विसंबू नये. अठरा-एकोणीस वर्षांच्या अनेकांचे मतदार ओळखपत्र अजून तयार झालेले नसते, म्हणून सर्वांनीच पासपोर्ट काढणे उत्तम. बाप्तिस्म्याचे नाव एक, शाळेच्या दाखल्यावरचे दुसरे, असा घोळ आपल्या घरांत नवा नाही. तिकिटावर पासपोर्टमधलेच नाव घालावे. खुष्कीच्या मार्गाने जायचे तर गोरखपूरपर्यंत रेल्वे, तिथून सुमारे शंभर किलोमीटरवर सुनौलीची सीमा आणि पलीकडे भैरहवाहून बस मिळते. रात्रीचा डोंगरी बसप्रवास टाळून भैरहवा किंवा बुटवल येथे मुक्काम करणे शहाणपणाचे ठरते.

एका भारतीय रुपयाला १.६० नेपाळी रुपये हा दर १९९३ पासून स्थिर आहे. मार्च २०२४ पासून नेपाळमधील अनेक दुकानांत यूपीआयने पैसे देता येतात, पण खेड्यात आणि बसमध्ये रोखच चालते. भारतीय चलनातील मोठ्या मूल्याच्या नोटांवर नेपाळमध्ये निर्बंध राहिलेले आहेत आणि ते वेळोवेळी बदलतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात ताजा नियम पाहावा. मंडळीच्या किंवा ट्रस्टच्या खात्यातील रक्कम देशाबाहेर खर्च केल्यास प्राप्तिकराच्या सवलतीवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे चार्टर्ड अकाउंटंटचा सल्ला घेतल्याशिवाय तो निधी वापरू नये. प्रत्येकाने आपला खर्च स्वतः किंवा कुटुंबाच्या मदतीने उभा करावा, आणि त्यातच यजमानांकडील जेवणाखाणाचा पूर्ण खर्च धरावा. ‘ते पाहुणचार करतीलच’ ही वृत्ती एखाद्या लहान मंडळीचे महिन्याचे अंदाजपत्रक कोलमडवते.

टायफॉइडची लस, प्रवासी विमा, प्रत्येकाच्या आजारांची आणि औषधांची नोंद आणि काठमांडूतील भारतीय दूतावासाचा क्रमांक एवढे गटप्रमुखाच्या वहीत असावे. सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या आंदोलनात सरकार कोसळले तेव्हा काठमांडूचा विमानतळही काही काळ बंद ठेवावा लागला होता. त्यामुळे दोन-तीन दिवस जास्त राहावे लागले तर कुठे राहायचे आणि कोणत्या पैशांत, हे घरीच ठरवून ठेवावे.

शिबिराचे दिवस

नेपाळमध्ये साप्ताहिक सुट्टी शनिवारी असल्यामुळे मंडळ्यांची मुख्य उपासनाही शनिवारी भरते. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप शनिवारीच, दुपारी बाराला चार मिनिटे कमी असताना झाला आणि अनेक ठिकाणी विश्वासणारे उपासनेत असतानाच इमारतींखाली सापडले. गटातील कोणी भूकंपाविषयी सहज विचारपूस करण्यापूर्वी हे लक्षात ठेवावे, कारण समोर बसलेल्या तरुणाने त्या दिवशी कोणाला गमावले असेल हे आपल्याला ठाऊक नसते. उपासनेत पादत्राणे बाहेर काढून जमिनीवर बसतात, बऱ्याच मंडळ्यांत स्त्रिया आणि पुरुष वेगवेगळ्या बाजूंना बसतात आणि स्त्रिया प्रार्थनेच्या वेळी डोक्यावर पदर किंवा ओढणी घेतात. जिथे जी रीत असेल ती पाळावी. दारू आणि तंबाखूबाबत तिथल्या मंडळ्या कडक आहेत. गाय हा नेपाळचा राष्ट्रीय प्राणी असून गोहत्या हा गुन्हा आहे, त्यामुळे त्याविषयीची थट्टाही करू नये.

शिबिरात मुख्य संदेश यजमानांचे पुढारी देतील आणि आपला गट त्यानंतरची गटचर्चा सांभाळेल, अशी वाटणी सर्वांत चांगली चालते. गटचर्चेतही प्रश्न विचारणारा आपला आणि दुजोरा देणारा किंवा दुरुस्त करणारा स्थानिक असे दोघे असावेत. साक्ष द्यायची असेल तर ती पाच मिनिटांत, दुभाष्याला वेळ देऊन, लहान वाक्यांत द्यावी. आपल्या साक्षीत पूर्वीच्या धर्माची निंदा नसावी. मंडळीबाहेरचे कोणी ऐकत असेल तर ते कायद्याच्या दृष्टीने धोक्याचे असते, आणि कोणी ऐकत नसले तरी ते शोभत नाही.

तरुणांशी बोलताना एक विषय वारंवार येईल: परदेशी नोकरी. आखाती देशांत, मलेशियात किंवा भारतात कामाला गेलेला वडील किंवा भाऊ जवळजवळ प्रत्येक घरात असतो आणि शिबिरातील मुलगाही बारावी झाल्यावर जाण्याचाच विचार करत असतो. इथे आपल्या गटातील परिचारिका, आयटीआय झालेला फिटर, बँकेत काम करणारी मुलगी यांच्या अनुभवाला प्रवचनाइतकेच मोल आहे. नोकरीचा करार कसा वाचावा, दलालाला पैसे का देऊ नयेत, अर्ज कसा लिहावा, पगारातून बचत कशी करावी यांवर दोन तासांचे सत्र घ्यायला यजमान बहुतेक आनंदाने तयार होतात. मात्र ‘पुण्यात ये, मी काम बघतो’ असे आश्वासन कोणीही देऊ नये. ते देणाऱ्याला परतीच्या गाडीत आठवत नाही, पण ऐकणारा मात्र वर्षभर फोनची वाट पाहतो.

खेळांसाठी चेंडू नेण्याची गरज नाही. व्हॉलीबॉल हा नेपाळचा राष्ट्रीय खेळ आहे आणि जाळे बहुतेक आवारात असते. खो-खोसाठी मात्र आपण तयारीने जावे. जानेवारी २०२५ मध्ये दिल्लीत झालेल्या पहिल्या खो-खो विश्वचषकात पुरुष आणि महिला या दोन्ही अंतिम सामन्यांत भारताची गाठ नेपाळशीच पडली होती, तेव्हा हा खेळ आपणच शिकवू अशा थाटात मैदानात उतरणाऱ्याची फजिती ठरलेली. संगीतातही तसेच आहे. त्यांच्या मादल या ढोलकीसारख्या वाद्यावर त्यांची भजने आधी शिकावीत, मग मागणी झाली तर टिळकांचे एखादे पद म्हणावे.

अठरा वर्षांखालील मुले शिबिरात असतील तर काही नियम लवचीक ठेवता येत नाहीत. कोणत्याही मुलाबरोबर बंद खोलीत एकट्या प्रौढाने थांबू नये, मुलांशी खासगी संदेशांची देवाणघेवाण करू नये, निवासाची व्यवस्था पूर्णपणे वेगळी असावी आणि तक्रार कोणाकडे करायची हे पहिल्याच दिवशी नेपाळीतून सांगितले जावे. बालकांसाठीचा मदत क्रमांक आपल्यासारखाच तिथेही १०९८ आहे. गटात येणाऱ्या प्रत्येकाची पोलीस पडताळणी करून घेतली, तर कोणी रुसले तरी हरकत नाही.

अनाथाश्रमाची भेट कार्यक्रमात घालू नये. नेपाळमधील बालगृहांत राहणाऱ्या बहुतेक मुलांचे आई-वडील किंवा त्यांपैकी एक हयात असतात. शिक्षणाच्या आमिषाने दुर्गम जिल्ह्यांतून मुले आणून पाहुण्यांच्या देणग्यांवर आश्रम चालवण्याचे प्रकार तिथे उघडकीस आले आहेत. खाऊ आणि गाण्यांनी भरलेली तासाभराची आपली भेट या व्यवहाराला हातभार लावते आणि रोज नवे चेहरे पाहून सवयीने बिलगणाऱ्या मुलाचे त्यात काही भले होत नाही. मुलांसाठी काही करायचेच असेल तर ती आपल्या गावी, आपल्या आईजवळ राहून शाळेत जातील अशी व्यवस्था यजमान मंडळी करते का, ते विचारून तिथे मदत करावी.

परतल्यावर

देणगी द्यायची असल्यास ती व्यक्तीला न देता मंडळीच्या खजिनदाराकडे, कमिटीच्या माहितीने, पावती घेऊन द्यावी. निरोपाच्या वेळी भावनेच्या भरात एखाद्या तरुणाच्या हातात घातलेला मोबाइल किंवा नोटा इतरांमध्ये वर्षभर पुरेल एवढी कटुता मागे सोडतात. परतल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत गटाने पाळकसाहेबांसमवेत बसून खर्चाचा हिशोब, आजारपणे, वाद, न जमलेली सत्रे हे सर्व लिहून काढावे. यजमानांनाही स्वतंत्रपणे विचारावे की आपल्यामुळे त्यांचे कोणते काम वाढले. पहिल्या पत्रात ते सौजन्याने ‘काहीच नाही’ असे लिहितील. दोन महिन्यांनी पुन्हा विचारल्यास खरे उत्तर मिळण्याची शक्यता अधिक असते.

पुढच्या वर्षी नवा देश शोधण्याऐवजी त्याच मंडळीकडे निम्मा जुना आणि निम्मा नवा गट न्यावा, अर्थात तिने पुन्हा बोलावले तरच. त्याआधी त्यांचे दोन-तीन युवक पुढारी आपल्या उन्हाळी शिबिरासाठी महाराष्ट्रात आणता आले तर अवश्य आणावेत. त्यांनाही भारतात येण्यास व्हिसा लागत नाही. विमानाने येणार असतील तर नेपाळी पासपोर्ट किंवा नागरिकत्वाचे प्रमाणपत्र सोबत ठेवण्यास सांगावे, आणि मेमधील अहिल्यानगर किंवा सोलापूरच्या उन्हाची कल्पना पत्रातच द्यावी. त्यांच्या प्रवासखर्चाची तरतूद, आपण निघण्यापूर्वी केलेल्या अंदाजपत्रकातच, आपल्या तिकिटांच्या खालच्या ओळीत मांडून ठेवावी.